नागपुरात नवे आहात? नाटक, गाणं, मारबत आणि मंडईपर्यंत पोहोचायचं कसं

बदली होऊन, शिकायला किंवा लग्न करून नागपुरात आलेली माणसं पहिल्या काही महिन्यांत एकच वाक्य बोलतात, "इथे काही होतच नाही." मला ते ऐकून वाईट वाटतं, कारण इथे होतं भरपूर. पण नवा माणूस मिहान, बेसा, मनीषनगर किंवा वर्धा रोडवर घर घेतो. सुटीच्या दिवशी मॉल आणि फुटाळा तलाव झाला की परत घरी. या शहराचं बरंचसं सांस्कृतिक जगणं त्या रस्त्यावर लागत नाही. ते रेल्वेरुळाच्या पलीकडे आहे, पंचांगावर चालतं आणि मोठमोठ्या जाहिराती न करता एकमेकांच्या तोंडून कळतं. ही तीन सूत्रं लक्षात आली की पुढचं सगळं सोपं आहे.

पायरी १ : आधी नकाशा डोक्यात बसवा

रेल्वेच्या पश्चिमेला सिव्हिल लाईन्स, बर्डी (म्हणजे सीताबर्डी), धंतोली, धरमपेठ, शंकरनगर, लक्ष्मीनगर. पूर्वेला महाल, इतवारी, बुधवारी, गांधीबाग, सक्करदरा, रेशीमबाग. तिकीट काढून बघायची नाटकं, मैफली आणि चित्रप्रदर्शनं जास्त करून पश्चिमेला. रस्त्यावरचे उत्सव, मिरवणुका, नागपूरच्या भोसले राजांच्या काळापासूनच्या प्रथा पूर्वेला. दोन्हीकडे गेल्याशिवाय नागपूर कळत नाही.

आता हॉल. सिव्हिल लाईन्समध्ये आमदार निवासाजवळ डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं आणि मोठ्या मैफली बऱ्याचदा इथेच होतात. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाचं सांस्कृतिक संकुल आहे. साहित्य संघ १९२३ सालचा. पुस्तक प्रकाशनं, व्याख्यानं, कविसंमेलनं यांसाठी हे घरच समजा. त्याच परिसरात विदर्भ हिंदी साहित्य संमेलनाचं मोर भवन आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे हिंदी इथे पाहुणी नाही. हिंदी कवितेचे, गझलेचे कार्यक्रम चुकवू नका. शंकरनगरला राष्ट्रभाषा संकुलात बाबूराव धनवटे सभागृह आहे, लक्ष्मीनगरला आठ रस्ता चौकाजवळ सायंटिफिक सभागृह. रेशीमबागेत महापालिकेचं कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये सुरू झालं. सुमारे दोन हजार माणसं बसतील एवढं ते मोठं आहे. माझं मत विचाराल तर तिथे गाण्याचा कार्यक्रम मागे बसूनही चालतो, पण नाटक बघायचं असेल तर पुढच्या रांगांची तिकिटं मिळत असतील तरच जा. नटाचा चेहरा दिसला नाही तर नाटकाची निम्मी मजा गेली.

मेट्रो या कामाला फार सोयीची आहे. पूर्व-पश्चिम मार्गावर झाशी राणी चौक आणि शंकरनगर चौक ही स्थानकं हॉलच्या जवळ पडतात. त्याच मार्गावर पुढे अग्रसेन चौक आणि चितार ओळी चौक लागतात, तिथून जुन्या शहरात चालत शिरता येतं. दोन्ही मार्ग बर्डीला मिळतात, वर्धा रोडकडून येणाऱ्यांनी तिथे गाडी बदलायची. फक्त परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ घरून निघतानाच बघून ठेवा. नाटक साडेनऊ-दहाला सुटतं, आणि नंतर ऑटोवाल्याशी घासाघीस करण्यात संध्याकाळची चव जाते.

पायरी २ : बातमी कुठून मिळवायची

मोबाईलवरच्या तिकिटांच्या अ‍ॅपवर दिसेल तेवढंच नागपूर, असं समजू नका. तिथे व्यावसायिक नाटकं आणि मोठे शो दिसतात. बाकीचे कार्यक्रम, म्हणजे खरं तर बहुतेक सगळे, विनामूल्य असतात आणि त्यांची बातमी मराठी वर्तमानपत्रांच्या शहर पुरवणीत येते. 'शहरात आज' अशा काही नावाचा बारीक टायपातला रकाना असतो. कार्यक्रम, स्थळ, वेळ, एवढंच. तो रोज सकाळी चहासोबत वाचायची सवय लावा. महिनाभरात कोणती संस्था कशा प्रकारचे कार्यक्रम करते याचा अंदाज येतो.

दुसरी जागा म्हणजे हॉलबाहेरचे फलक. झाशी राणी चौक किंवा आठ रस्ता चौकातून जाताना पाच मिनिटं थांबून लावलेले बोर्ड वाचा. तिसरी आणि सगळ्यांत भरवशाची जागा म्हणजे प्रेक्षक. मध्यंतरात चहाच्या टपरीवर शेजारच्या काकांना सहज विचारा, "पुढचं काय आहे हो?" नागपूरकर माणूस अशा प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देत नाही. तो तुम्हाला पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगेल, कुठला बघायचा आणि कुठला नाही तेही सांगेल, आणि त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये टाकून देईल. तिथून पुढे तुम्हाला बातमी शोधावी लागत नाही.

'प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव' असं लिहिलेलं असेल तर अर्धा तास आधी पोहोचा. पाहुण्यांचा सत्कार आणि दीपप्रज्वलन असलेला कार्यक्रम दिलेल्या वेळेला सुरू होईलच असं नाही, हे धरून लहान मुलांच्या खाण्याची सोय करून जा. नाटकाचं मात्र तसं नसतं. तिसरी घंटा झाली की पडदा उघडतो.

पायरी ३ : सुरुवात हौशी नाटकापासून करा

नव्या माणसाला मी पहिला कार्यक्रम सुचवायचा तर राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेची नागपूर केंद्राची प्राथमिक फेरी सुचवीन. दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास ती होते, बहुतेक वेळा सायंटिफिक सभागृहात. तिकीट नाममात्र असतं. रोज संध्याकाळी वेगळी संस्था, वेगळं नाटक. नट म्हणजे बँकेत, शाळेत, वीज मंडळात दिवसभर नोकरी करून आलेली माणसं. रात्री शाळेच्या वर्गात बाक बाजूला सारून महिनोन्‌महिने तालमी केलेल्या असतात. एखादं नाटक फसतं, एखाद्यात नेपथ्य डगमगतं, पण मध्येच एखादी संध्याकाळ अशी येते की पडदा पडल्यावर कोणी उठतच नाही.

तिथे दोन-तीन दिवस सलग जा. मागच्या रांगेत वही घेऊन बसलेली जुनी मंडळी दिसतील. ती दरवर्षी सगळी नाटकं बघतात आणि त्यांची चर्चा फाटकाबाहेर चालते. त्या घोळक्याच्या कडेला उभं राहणं ही नाटक बघायला शिकायची इथली उत्तम शाळा आहे. प्रयोग संपल्यावर रंगपटात जाऊन कलावंतांना "आवडलं" सांगायची पद्धत आहे. ओळख नसली तरी जा, कोणी परकं मानत नाही.

पायरी ४ : कॅलेंडर महिन्यांचं नाही, ऋतूंचं ठेवा

नागपूरचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये दिवसा काही होत नाही, जे होतं ते सूर्य मावळल्यावर. पण याच दिवसांत दोन मोठे सोहळे येतात. रामनवमीला स्टेशनजवळच्या पोद्दारेश्वर राम मंदिरातून शोभायात्रा निघते. चित्ररथांची लांबच लांब रांग जुन्या शहरातून रात्री उशिरापर्यंत फिरत असते. १३ एप्रिलच्या रात्री बाबासाहेबांच्या जयंतीसाठी वस्त्यावस्त्यांतून लोक संविधान चौकाकडे निघतात. उत्तर नागपुरात इंदोरा, कमाल चौक भागात भीमगीतांचे कार्यक्रम रंगतात. गायन ऐकायची आवड असेल तर ही रात्र तुमच्यासाठी आहे. सुट्यांमध्ये मुलांची बालनाट्य शिबिरं भरतात, त्यांची नावनोंदणी मार्चअखेरीपासूनच विचारत राहा.

पाऊस सुरू झाला की गाण्याचे दिवस. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र वसंतराव देशपांडे यांच्या स्मृतीत संगीत समारोह घेतं, जुलै-ऑगस्टच्या आसपास. देशातले मोठे गायक-वादक येतात आणि श्रोते जाणते असतात. गाणं चालू असताना फोनवर बोलणाऱ्याकडे ते ज्या नजरेने बघतात ती सहन होणार नाही, तेव्हा फोन बंदच ठेवा.

आणि मग येतो पोळा.

पायरी ५ : मारबतीला जाच

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबत निघते. हा उत्सव बघायचा तर इथेच. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. मारबत म्हणजे बांबू, कागद आणि कापडाचा बाईचा प्रचंड पुतळा. असे पुतळे खांद्यावर-गाड्यावर घेऊन लोक जुन्या शहरातून जातात. पिवळी जागनाथ बुधवारीतून निघते, काळी इतवारीतून, आणि दोघींची गाठ नेहरू पुतळ्यापाशी पडते. काळीचा संबंध भोसले राजघराण्यातल्या बाकाबाई यांच्याशी जोडला जातो. पिवळीकडे लोक देवीच्या भावाने बघतात. आया तान्ही लेकरं उचलून तिच्या पायाला लावतात, साड्या-ओट्या वाहतात. सोबत बडगे असतात, त्या त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आलाय त्याचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, कुठलाही विषय सुटत नाही. बडग्यांच्या गळ्यातल्या पाट्या वाचल्या तर शहराच्या मनात काय चाललंय ते त्या दिवशी कळतं. "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ही आरोळी शेकडो गळ्यांतून उठते आणि मग गावाबाहेर नेऊन सगळं जाळलं जातं.

आता व्यवहाराचं. मिरवणूक सकाळची असते. साडेनऊच्या आत इतवारीत पोहोचा, अकरानंतर गल्लीत शिरणं अवघड. गाडी मुळीच नेऊ नका. मेट्रोने चितार ओळी किंवा अग्रसेन चौकाला उतरा आणि गर्दी जाते तिकडे चालत राहा. पायात बंद बूट, अंगावर खराब झाले तरी चालतील असे कपडे, पाठीवर पिशवी नको, फोन पुढच्या खिशात. लहान मूल असेल तर नेहरू पुतळ्यापर्यंत जायचा हट्ट सोडा, त्याआधीच्या रस्त्यावर एखाद्या दुकानाच्या ओट्यावर जागा धरा. घरमालकाला विचारलं तर गच्चीवरही जाऊ देतात, पाणीही देतात. वरून फोटो चांगले येतात, पण निदान थोडा वेळ खाली रस्त्यावर उभे राहा. मारबत अंगावरून जाते तेव्हाच ती कळते.

त्याच दिवशी दुपारनंतर आपापल्या वस्तीत तान्हा पोळा. मुलं सजवलेले लाकडी नंदीबैल घेऊन निघतात, घरोघर जातात, आणि त्यांना बोजारा द्यायचा असतो, म्हणजे थोडे पैसे किंवा खाऊ. तुमच्या दारात पोट्टे येतील, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवा. घरात लहान मूल असेल तर आठवडाभर आधी महाल-इतवारीच्या बाजारातून एक लाकडी बैल घेऊन या. शेजाऱ्यांशी ओळख व्हायला याहून सोपा दिवस वर्षात नाही.

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात चितार ओळीत एक चक्कर मारा. मूर्तिकारांची ही जुनी वस्ती. गल्लीच्या दोन्ही बाजूंना ताडपत्रीखाली मूर्ती उभ्या असतात. काहींचा अजून गवताचा आणि दोरीचा सांगाडा दिसत असतो, काहींवर ओली माती थापलेली, काही पांढऱ्या रंगात कोरड्या होताहेत. पावसाची सर आली की घरातली सगळी माणसं धावतात. डोळे सगळ्यांत शेवटी रंगवतात आणि ते काम घरातला मुरलेला हातच करतो. बघत उभं राहिलं तर कोणी हटकत नाही, पण मूर्तीला हात लावू नका आणि फोटोआधी विचारा.

विसर्जन झालं म्हणजे गणपती संपले असं नागपुरात नाही. पितृपक्षातल्या संकष्टीला महालात भोसल्यांच्या वाड्यात हडपक्या गणपती बसतो, त्यालाच मस्कऱ्या गणपतीही म्हणतात. भोसल्यांच्या बंगालच्या स्वारीतल्या विजयाशी त्याची कथा जोडलेली आहे. त्या दिवसांत नकला, खडीगंमत (विदर्भातला तमाशासारखा लोकनाट्याचा प्रकार), लावण्या अशी करमणूक व्हायची प्रथा. बाहेरगावच्या लोकांना याची खबरही नसते. तुम्ही जाऊन या.

पायरी ६ : दसऱ्याला दीक्षाभूमी

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दरवर्षी विजयादशमीला देशभरातून लोक येतात. त्या दिवशी शहरातले लोक जागोजागी अन्नदान करतात, पाण्याचे मंडप टाकतात, डॉक्टर मोफत तपासणी करतात. एखाद्या मंडपात तासभर वाढायला उभे राहा, स्वयंसेवक हवेच असतात.

पुस्तकांची आवड असलेल्याने तर कामधाम सोडून जावं. परिसरात आणि आजूबाजूच्या रस्त्यांवर पुस्तकांची दुकानं लागतात ती एखाद्या ग्रंथमेळ्याला लाजवतील. खेड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली बाई पदराच्या गाठीतून नोटा काढून नातवासाठी संविधानाची प्रत घेते, हे दृश्य तिथे ओळीने दिसतं. वाचनाबद्दल इतका आदर मी दुसऱ्या कुठल्या गर्दीत बघितलेला नाही. मोठी कापडी पिशवी आणि सुटे पैसे न्या. वाहनं लांबच अडवतात, मेट्रोने रहाटे कॉलनीला उतरून चालत जा. गर्दी सोसत नसेल तर आदल्या दिवशी सकाळी जा, दुकानं तेव्हाही असतात.

नवरात्रात कोराडीच्या जगदंबेला पहाटे चालत जाणाऱ्यांची रीघ लागते, आणि धंतोलीत बंगाली मंडळींची दुर्गापूजा असते. दोन्ही एकाच आठवड्यात साधता येतात.

पायरी ७ : हिवाळा जपून वापरा

नोव्हेंबर ते जानेवारी या दिवसांत एकाच संध्याकाळी चार चांगले कार्यक्रम असतात. दिवाळी पहाटेच्या गाण्यांनी सुरुवात होते. मग रामटेक आणि नागपूरचा कालिदास महोत्सव, खासदार सांस्कृतिक महोत्सव, आणि क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा क्राफ्ट मेळा. खासदार महोत्सव २०१७ पासून होतो. ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालयाच्या मैदानावर, नामवंत गायकांचे कार्यक्रम, प्रवेश मोफत. गर्दी अफाट असते, म्हणून पास कुठे मिळतात ते वर्तमानपत्रात बघून आधीच घ्या.

क्राफ्ट मेळ्याला मात्र निवांत वेळ काढा. सिव्हिल लाईन्समधलं हे केंद्र महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र आणि कर्नाटक या राज्यांचं काम बघतं, त्यामुळे गोंड चित्रं, बस्तरचं ढोकरा म्हणजे ओतीव धातूचं काम, विणकरांच्या साड्या हे सगळं कारागिरांच्या हातून थेट घेता येतं. दुपारी गेलात तर कारागीर बोलायला मोकळे असतात. संध्याकाळी लोकनृत्यं असतात. भाव करताना हे काम हाताने झालंय एवढं लक्षात ठेवा.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं की सिव्हिल लाईन्सचे रस्ते मोर्चांसाठी बंद होतात. त्या दिवसांत देशपांडे सभागृहाला जायचं तर तासभर आधी निघा. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमाला स्वेटर आणि कानाला मफलर हवाच.

दोन छोट्या गोष्टी इथेच सांगतो. मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ चा आहे, सोमवारी बंद असतो. आणि सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने एरवी बघता येत नाही. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला तो लोकांसाठी उघडायची प्रथा आहे. ओळखपत्र सोबत ठेवा.

पायरी ८ : प्रेक्षकातून आत या

सहा महिने बघून झालं की काहीतरी करा. हौशी नाट्यसंस्थांना नट मिळतात, पण नेपथ्य उचलणारे, प्रकाशयोजनेला मदत करणारे, प्रॉम्प्टिंग करणारे मिळत नाहीत. प्रयोगानंतर दिग्दर्शकाला भेटून "मी पडद्यामागे काहीही करीन" एवढं म्हणा. दुसऱ्या दिवसापासून तालमीला बोलावणं येतं. तालमी बहुतेक रात्री सातनंतर असतात, नोकरी सांभाळून जमतं. वेळेवर जा, चहा आणायला लाजू नका, आणि स्पर्धेच्या आधीच्या पंधरवड्यात सुटीचा बेत आखू नका. गाणाऱ्यांनी वस्तीतल्या भजनी मंडळापासून सुरुवात करावी, लिहिणाऱ्यांनी साहित्य संघातल्या कार्यक्रमांपासून. कोजागिरीला जवळपास प्रत्येक गच्चीवर मसाला दूध आणि गाणी असतात. सोसायटीत कोणी करत नसेल तर तुम्हीच करा, सूत्रसंचालन आपोआप तुमच्याकडे येईल.

पायरी ९ : एक रात्र शहराबाहेर

दिवाळीनंतर पूर्व विदर्भात गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. भंडारा, गोंदियाकडे तर भरतेच, नागपूर जिल्ह्यातही कुही, भिवापूर, मौद्याच्या पट्ट्यात भरते. दिवसा बाजार, खेळणी, जिलबी, आणि मग दंडार नावाचं लोकनाट्य, खडीगंमत, रात्री नाटक. झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्याची, ही रंगभूमी दिवाळी ते होळीपर्यंत जोरात चालते. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचं मुख्य ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे ओळीने आहेत. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. मध्ये गाणी, नाच, विनोद, आणि समोर काही हजार माणसं तिकीट काढून बसलेली. शहरातल्या रिकाम्या खुर्च्यांची काळजी करणाऱ्या प्रत्येक रंगकर्मीने हे एकदा बघायला हवं.

जायचं असेल तर त्या भागातला ऑफिसातला सहकारी, दूधवाला, घरकामाच्या मावशी यांना विचारा, "तुमच्या गावची मंडई कधी?" बहुतेकदा घरीच जेवायला बोलावतील, तेव्हा मुलांसाठी काहीतरी गोड न्या. स्वतःची गाडी असेल तर रात्री परतायचा बेत करू नका, जंगलातले रस्ते आणि झोप यांची सांगड घालू नये. सोबत घोंगडी किंवा जाड चादर, टॉर्च आणि खाली अंथरायला सतरंजी घ्या. खुर्चीच्या तिकिटापेक्षा जमिनीवरचं घ्या. पुढे बसलेल्या आजीबाई नाटकातल्या खलनायकाला जे काही ऐकवतात ते मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू येत नाही.